हेळव्याच्या चोपडीत नसलेल्या बायका

सुगी आटोपली की आमच्या माहेरी हेळवी यायचा. गाव अक्कलकोट तालुक्यातलं, सरहद्दीजवळचं; घरात कानडी, शाळेत मराठी आणि बाजारात जे तोंडाला येईल ते. हेळवी बैल घेऊन यायचा, ओसरीवर घोंगडं टाकून बसायचा आणि चोपडी उघडून आमच्या घराण्याची नावं एका सुरात म्हणायला लागायचा. अमक्याचा अमुक, त्याला तीन मुलगे, थोरला निपुत्रिक वारला, मधला भाऊबंदकीला कंटाळून गाव सोडून गेला, धाकट्याची ही ओसरी. मूळ पुरुष कुठून आला, कोणत्या दुष्काळात आला, सगळं त्यात. आप्पा मांडी घालून, डोळे मिटून ऐकायचे. शेवटी सुपात ज्वारी, एखादं धोतर, बरं पिकलेलं असलं तर वर आणखी काही; आणि मागच्या फेरीनंतर जन्मलेल्या मुलांची नावं टिपून हेळवी पुढच्या घरी.

मुलांची म्हणजे मुलग्यांची. माझं नाव त्या चोपडीत कधी चढलं नाही. आईचं त्यात नव्हतं आणि तिच्या माहेरी येणाऱ्या हेळव्याच्या चोपडीतही नव्हतं. आईची आई, आमची अव्वा, विजापूरकडून लग्न होऊन आलेली. तिच्या आईचं नाव तिने मला सांगितलं होतं. त्या आईच्या आईचं विचारलं तर म्हणाली, "मुदुकी अंत करीतिद्रु." म्हातारी म्हणायचे सगळे तिला, बस्स. आप्पांच्या बाजूचे पुरुष मागे जाता येईल तितके मागे नावानिशी उभे, आणि आईच्या बाजूला दोन पायऱ्यांनंतर अंधार.

पुढे सोलापुरात ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा पेशीचा धडा आला की मला ही चोपडी आठवायची. पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात आणि त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा. सबंध जीनोमची तीन अब्जांहून जास्त अक्षरं बघता हे चिमूटभरच. पण हा डीएनए येतो फक्त आईकडून. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही आईचाच मिळतो. पुढे पोचवते मात्र फक्त मुलगी. मधूनअधून नक्कल उतरवताना एखादं अक्षर चुकतं, ती चूक लेकीकडे जाते, तिच्या लेकीकडे जाते. कुणाच्या चुका कुणाशी जुळतात हे पाहत गेलं की कोणत्या दोन बायका कुठे तरी एकाच आईच्या लेकी होत्या हे कळतं. जी नावं अव्वाला सांगता येत नव्हती, त्या बायका तिच्या अंगात होत्याच.

१९८७ साली बर्कलीच्या विद्यापीठात रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांनी जगाच्या वेगवेगळ्या भागांशी नातं सांगणाऱ्या १४७ जणांचा हा डीएनए तपासला. तो त्यांनी काढला बाळंतिणींच्या वारेतून. (हा तपशील मला फार आवडतो. जी गोष्ट आपल्याकडे परसात पुरून टाकतात, तिच्यातून मानवजातीचा इतिहास निघाला.) सगळ्या रेषा मागे नेत गेल्यावर त्या सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या एका बाईपाशी मिळाल्या, आणि ती आफ्रिकेत होती. वर्तमानपत्रांनी तिला 'ईव्ह' करून टाकलं आणि मग वर्गात दर वर्षी तोच प्रश्न: "मॅडम, त्या वेळी जगात एकच बाई होती का?" नव्हती. तिच्या आगेमागे हजारो होत्या. बाकीच्यांच्या रेषा वाटेत कधी तरी संपल्या, कारण कुणाला मूल झालं नाही, आणि कुणाला झाले ते सगळे मुलगेच. आपल्याकडे मुलगा नसला की वंश बुडाला म्हणतात. या हिशेबात ज्या घरी नुसते मुलगेच झाले, ते घर बुडालं. हे सांगितल्यावर वर्गातल्या मुली ज्या हसायच्या, ते हसू बघायला मी तो धडा जरा लांबवायचे.

सोलापुरात नवा माणूस भेटला की दुसरा-तिसरा प्रश्न ठरलेला: मूळ गाव कुठलं? आणि उत्तरात सोलापूर क्वचितच येतं. शहराच्या पूर्व भागातले पद्मशाली विणकर मूळचे तेलंगणातले, करीमनगर-वरंगळकडचे. १८६० साली रेल्वे आली, १८७७ साली जुनी मिल उभी राहिली, आणि मागाकडे, गिरणीकडे माणसं ओढली गेली. लिंगायत घरं कर्नाटकाकडे बोट दाखवतात, आणि ज्यांच्या नावाने गड्ड्याची यात्रा भरते ते बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर वचनं रचत होते ती कन्नडमध्ये. मारवाडी, गुजराती, दखनी बोलणारे मुसलमान, उस्मानाबादकडून दुष्काळात आलेले. एका बोळात चार भाषांत भांडण ऐकू येतं आणि चारही बाजूंना ते समजतं. रिक्षावाला गिऱ्हाईकाशी मराठीत बोलतो, फोनवर आईशी तेलुगूत आणि समोरून घुसणाऱ्या टेम्पोवाल्याला "का बे!" म्हणतो ते अस्सल सोलापुरीत.

या "मूळचे कुठले"ला हेळव्याची चोपडी दोन-तीनशे वर्षांचं उत्तर देते. डीएनए विचारतो, त्याच्या आधी?

भारतातल्या निम्म्याहून जास्त लोकांची मातृरेषा एम नावाच्या एका मोठ्या फांदीवर बसते. ही फांदी आफ्रिकेतून माणूस बाहेर पडल्यानंतर फुटली आणि तिच्या कितीतरी डहाळ्या भारताबाहेर जवळजवळ सापडतच नाहीत. म्हणजे आपल्या आयांच्या आया बहुतांशी इथे फार जुन्या, पन्नास-साठ हजार वर्षांपूर्वी आलेल्या पहिल्या माणसांच्या लेकी. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची कथा वेगळी निघते. आर१ए नावाची एक शाखा भारतात बऱ्याच पुरुषांत आढळते, उत्तरेकडे आणि काही जातींत विशेष. आणि तिचे भाऊबंद युरोप-आशियाच्या गवताळ मैदानांत पसरलेले आहेत. २०१९ साली पाचशेहून जास्त प्राचीन सांगाड्यांच्या डीएनएवरून झालेल्या कामात तिथल्या पशुपालकांचा वारसा इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या दरम्यान इकडे उतरताना दिसला. आलेल्यांत पुरुषांचा वाटा मोठा असावा हे या दोन रेषा शेजारी ठेवल्या की उघड दिसतं. बाहेरून आलेला बाप आणि इथली आई. तेव्हाचं लग्न कसं झालं, मांडव पडला की आग लागली, हे मात्र डीएनए सांगत नाही.

त्याच वर्षी राखीगढीचा निकाल आला. हरियाणातल्या त्या हडप्पाकालीन दफनभूमीतून डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी साठेक नमुने घेतले; उष्णतेने डीएनए इतका सडतो की त्यातला एकच कामाचा निघाला. तो एका बाईचा होता. तिच्यात गवताळ मैदानांतल्या पशुपालकांचा अंश नव्हता. होता तो प्राचीन इराणी वंशाशी दूरचं नातं सांगणारा आणि इथल्या जुन्या शिकारी लोकांचा. तिची मातृरेषा आजही भारतात सापडते. हा निकाल लागला त्या आठवड्यात माझ्या फोनवर दोन परस्परविरोधी गटांचे विजयाचे निरोप आले होते. एक म्हणे, बघा, आम्ही इथलेच. दुसरा म्हणे, बघा, तुम्ही बाहेरचे. दोघांनीही लेखाचा सारांशसुद्धा वाचलेला दिसत नव्हता. शुद्ध कुणीच निघालं नाही ही बातमी कुणालाच नको होती.

सरमिसळ कधी झाली हे कसं ओळखतात, ते सोलापूरकराला सांगणं सोपं आहे. आपण पाहुण्यांबरोबर कडक भाकरीची चवड बांधून देतो. गाडी जितके हेलकावे खाईल तितके तुकडे बारीक. पुण्यात डबा उघडून नुसते तुकडे पाहिले तरी भाकरीने किती धक्के खाल्ले याचा अंदाज येतो. गुणसूत्रांचं तसंच. प्रत्येक पिढीत आई-बापांकडून आलेल्या जोड्या एकमेकींशी तुकड्यांची अदलाबदल करतात, त्यामुळे एखाद्या पूर्वजाकडून आलेला सलग लांब पट्टा पिढीगणिक तुटत जातो. आजच्या माणसातल्या पट्ट्यांची लांबी मोजली की किती पिढ्या झाल्या ते निघतं.

हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संस्थेतले लालजी सिंग आणि कुमारसामी थंगराज, हार्वर्डचे डेव्हिड राइश यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की भारतातल्या बहुतेक समाजांत दोन जुन्या वंशांचं मिश्रण आहे, एक पश्चिम आशिया-युरोपकडे नातं असलेला आणि दुसरा इथलाच जुना. प्रमाण कमीजास्त, पण मिश्रण सगळ्यांत. उच्चवर्णीय म्हणवणाऱ्यांत आणि आदिवासींतही. २०१३ मध्ये प्रिया मूर्जानी आणि सहकाऱ्यांनी पट्टे मोजले. उत्तर आलं: ही सरमिसळ साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाली. त्यानंतर ती जवळजवळ थांबली.

१,९०० वर्षांपूर्वी म्हणजे आपल्याकडे सातवाहन. सोलापुराहून फार लांब नसलेलं तेर, तेव्हाचं तगर, भरात होतं. त्या काळच्या एका ग्रीक दर्यावर्दी टिपणात नोंद आहे की तगराहून साधं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायचं. तेरच्या संग्रहालयात गेलं की तिथल्या मातीच्या, हस्तिदंताच्या मूर्ती बघताना मला वाटतं, या केसांच्या ठेवणीच्या बायकांना कुणी 'तुमचं कुळ कुठलं' असं विचारलं असेल का? विचारलं असलं तरी कुळाबाहेर लग्न करायचं दार अजून पुरतं लागलं नसावं. पुढच्या काही पिढ्यांत लागलं, आणि कडी आतून घातली गेली.

त्या दाराआडही बायकांची थोडी ये-जा चालू होती. १९९८ साली आंध्रातल्या तेलुगू जातींवर झालेल्या एका अभ्यासात मातृरेषेतलं अंतर जातींच्या उतरंडीप्रमाणे वाढत जाताना दिसलं. शेजारच्या पायरीशी जवळीक, लांबच्या पायरीशी दुरावा. पितृरेषेत असा क्रम दिसला नाही. अर्थ असा की पायरी ओलांडून दुसऱ्या घरात गेल्या त्या बायका, पुरुष जागचे हलले नाहीत. कागदावर कुणीच पायरी ओलांडली नव्हती, हे वेगळं सांगायला नकोच.

यात पुण्याच्या इरावती कर्व्यांची आठवण काढायला हवी. त्यांनी कैलाश मल्होत्रांबरोबर महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची शारीरिक मापं आणि रक्तगट वगैरे तपासले, तो निबंध १९६८ चा. एकाच वर्णातल्या, एकाच मानाच्या या पोटजाती एकमेकींपासून चांगल्याच वेगळ्या निघाल्या. एक मोठा गट फुटून त्या झाल्या असतील हे कर्व्यांना पटेना. वेगवेगळे जथे येऊन एका पाटीखाली बसले असावेत असं त्यांचं म्हणणं. डीएनए वाचायची सोय नसताना, पट्टी आणि रक्ताच्या थेंबावर त्यांनी हे ओळखलं होतं.

आता ज्वारीचं बोलते, जरा आडवळण आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी आपल्याला आपलीच वाटते, आणि ती आपलीच आहे. पण ज्वारी माणसाळली आफ्रिकेत. सुदानच्या पूर्व भागात पाच हजार वर्षांहून जुन्या खापरांत तिचे ठसे सापडले आहेत. तिथून ती समुद्राकाठाने इकडे आली. अव्वा म्हणायची, भाकरी खाल्ल्याशिवाय माणूस आपल्या मुलखातला वाटत नाही. माणूस आणि भाकरी, दोघं एकाच खंडातून आलेले. ज्वारीला यायला पन्नास हजारांच्या आसपास वर्षं उशीर झाला, एवढंच.

दार लागल्याचा परिणाम दवाखान्यात दिसतो. थोड्या घरांपासून वाढलेला समाज पिढ्यान्‌पिढ्या आपसातच लग्नं करत राहिला की त्या पहिल्या घरांतल्या एखाद्याचा दोष सगळ्यांत पसरतो. तेलंगण-आंध्रातल्या आर्य वैश्य समाजाचं उदाहरण वैद्यकात प्रसिद्ध आहे. त्यांच्यातल्या काहींच्या रक्तात ब्युटिरिलकोलिनेस्टरेज नावाचं एक विकर फार कमी असतं. रोजच्या आयुष्यात कळतही नाही. पण शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करायला एक विशिष्ट औषध दिलं की ते काही मिनिटांत उतरायचं ते उतरत नाही, आणि रोगी तासन्‌तास स्वतःहून श्वास घेऊ शकत नाही. म्हणून भूल देण्याआधी जात विचारणं तिकडे डॉक्टरांच्या कामाचा भाग आहे. जात विचारण्याचं हे एकच कारण मला मान्य आहे.

आणि हे एका समाजापुरतं नाही. २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६३ गटांचा अभ्यास झाला. त्यातल्या ८१ गटांत हा परिणाम युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंपेक्षा किंवा फिनलंडच्या लोकांपेक्षाही जास्त होता, आणि त्या दोघांवर तर वैद्यकाची पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली आहेत. सोलापुरात हे बोलायला लागलं की लोक मामाच्या मुलीवर येतात. आमच्याकडे मामाची मुलगी हक्काची, तेलुगू घरांत त्यालाच मेनरिकम म्हणतात, कुठे मामा-भाचीचंही लग्न होतं. त्याचा धोका वेगळा आणि खराच आहे. पण ज्याने जवळच्या नात्यात लग्न केलंच नाही, जातीतलीच लांबच्या गावची मुलगी केली, तोही निश्चिंत नाही. ती लांबच्या गावची मुलगी साठ-सत्तर पिढ्यांच्या बंद दारामुळे त्याची नकळत बहीणच असते. उलट काही दोष जातपात न बघता हिंडतात. हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरं गळालेली असणं हा त्यातला एक. दक्षिण आशियातल्या शंभरात सुमारे चौघांत तो आहे, उतारवयात हृदय कमकुवत करतो, आणि हजारो वर्षांपूर्वी, दार लागायच्या खूप आधी उपजलेला असल्यामुळे सगळीकडे पोचलेला आहे.

हे शहर एकत्र यायला घाबरणारं नाही. १९३० साली इंग्रजांनी इथे लावलेल्या मार्शल लॉनंतर ज्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं ते चौघे होते मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. आडनावं वाचली तरी चार वाटा दिसतात. फासापर्यंत सोबत जाणाऱ्या या गावात, अक्षतांच्या वेळी मात्र जो तो आपल्या मांडवात.

डीएनएच्या इतिहासालाही चोपडीसारखीच एक खोट आहे, आणि ती मला अलीकडे जास्त जाणवते. तो फक्त ज्यांची पोरंबाळं टिकली त्यांचा इतिहास आहे. सोलापुरात जन्मलेले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, तिथल्याच ग्वो चिंगलान यांच्याशी लग्न केलं, त्यांना मुलगा झाला आणि काही महिन्यांत, डिसेंबर १९४२ मध्ये, कोटणीस वारले. तो मुलगाही १९६७ साली, ऐन विशीत गेला. उद्या कुणी चीनच्या त्या भागातल्या लोकांचे नमुने घेतले तर सोलापुराहून कुणी आलं होतं याची खूणही मिळणार नाही. इकडे भैय्या चौकात त्यांचं घर स्मारक म्हणून उभं आहे. कुणाचं रक्त पुढे गेलं एवढ्यावरून कोण कुठे पोचलं हे ठरवायचं म्हटलं, तर सोलापूरकराचा हा सगळ्यात लांबचा प्रवास झालाच नाही.

माझा एक जुना विद्यार्थी साखर पेठेत वधू-वर सूचक केंद्र चालवतो. मध्ये त्याच्याकडे बसले होते तेव्हा त्याचा फॉर्म चाळला. जात, पोटजात, कुलदैवत, वडिलांकडचे पाहुणे, आणि आईच्या बाजूसाठी एकच ओळ: मामाचे आडनाव व गाव. आईकडचं विचारायचं, तेही मामाच्या नावाने. मी त्याला हे सगळं सांगितलं, तेर, कडक भाकरी, भुलीचं औषध. त्याने चहा मागवला आणि शांतपणे ऐकून घेतलं. मुलगा तसा हुशार, बारावीला जीवशास्त्रात चांगले मार्क होते.

"मग मॅडम, पोटजातीचा रकाना काढून टाकू का?"

"टाक की."

"काढला तर आई-वडील पायरी चढणार नाहीत. ठेवला तर पोरं येत नाहीत. निम्मी पोरं तिकडं पुण्यात हिंजवडीला, त्यांना काय पडलंय पोटजातीचं. फी मात्र आई-वडील भरतात."

सध्या त्याने दोन फॉर्म छापून घेतलेत.